त्रस्त, ग्रस्त, पीडित, आक्रांत : यांच्या उलट काय?

परळ भागातल्या एका रात्रशाळेत दहावीला मराठी शिकवणाऱ्या तरुण बाईंनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांनी वर्गाला ‘त्रस्त, ग्रस्त, पीडित, आक्रांत’ या चार शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहायला दिले. निम्म्या मुलांनी ‘अत्रस्त, अग्रस्त, अपीडित, अनाक्रांत’ असं लिहिलं. उरलेल्यांनी चारही जागी ‘सुखी’ लिहिलं. यातलं काय बरोबर धरायचं, आणि नेमके शब्द कोणते, असं त्यांचं म्हणणं आहे.

बाई, मी मुंबईत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली अकरा वर्षं रात्रशाळेत गेली, आणि आता घरी मुद्रितं तपासते. हा प्रश्न माझ्या वर्गातही दरवर्षी यायचा. आधी गुणांचं सांगते. ‘अत्रस्त’ला गुण देऊ नका. संस्कृतात तो शब्द आहे, ‘न घाबरलेला’ या अर्थाने, पण मराठीत कुणी तो बोलत नाही. ‘अपीडित’ आणि ‘अग्रस्त’ यांचंही तेच. ‘सुखी’ मात्र सरसकट खोडू नका. त्या मुलाला दिशा कळली आहे, नेमकी जागा सापडलेली नाही. परीक्षेत एकच शब्द मागितला तर त्रस्त × निवांत, ग्रस्त × मुक्त, आक्रांत × सुरक्षित असं लिहायला सांगा. पीडितचं उत्तर वाक्य पाहिल्याशिवाय देता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

पण ही झाली पेपरपुरती सोय. खरी अडचण अशी, की त्रासाच्या उलट एकच जागा नसते. तुमच्या वर्गात दिवसभर डिलिव्हरीचं काम करून येणारी मुलं असतील. त्यातल्या एखाद्याने मोबाइलवरून झटपट कर्ज घेतलं आणि हप्ता चुकला, तर वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. सकाळी सात वाजता फोन, जेवताना फोन, शेजाऱ्याला फोन, गावी मामाला फोन. तो मुलगा त्रस्त झाला. आता त्याच्या उलट कोण? ज्याने कधी कर्ज घेतलंच नाही आणि जो रात्री गाढ झोपतो, तो त्याचा मित्र? तो निश्चिंत आहे. की तोच मुलगा, चार महिन्यांनी सगळे पैसे फेडल्यावरचा? तो सुटला. की फोन करून करून जीव नकोसा करणारा वसुलीवाला? तो त्रास देणारा. की मोठा भाऊ, ज्याने फोन हातातून घेतला आणि ‘यापुढे माझ्याशी बोला’ म्हणून सांगितलं? तो पाठीराखा. चौघेही एका परीने ‘त्रस्त’च्या समोर उभे आहेत, आणि चौघांचे शब्द वेगळे आहेत. मुलांना आधी हे चौघं दाखवा. शब्द त्यांच्या मागून आपोआप येतात.

पहिल्या दोघांतला फरक भाषेने किती जपून ठेवला आहे ते बघा. रोगग्रस्तच्या उलट निरोगी म्हणतो आणि रोगमुक्तही म्हणतो. निरोगी म्हणजे ज्याला रोग नाही. रोगमुक्त म्हणजे ज्याला होता आणि गेला. भयग्रस्तच्या उलट निर्भय आणि भयमुक्त, चिंताग्रस्तच्या उलट निश्चिंत आणि चिंतामुक्त. ‘निर्’ने सुरू होणारा शब्द त्या संकटाची ओळखही सांगत नाही. ‘मुक्त’ने संपणारा शब्द मात्र आपल्या पोटात जुनी जखम घेऊन येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसाला आपण ‘निर्व्यसनी’ म्हणालो तर त्याच्या साऱ्या झगड्यावर बोळा फिरवल्यासारखं होतं. तो व्यसनमुक्त आहे. निर्व्यसनी त्याचा धाकटा भाऊ असेल, ज्याने कधी हात लावला नाही. लग्नाच्या स्थळांच्या जाहिरातीत ‘निर्व्यसनी’च लिहितात, ते याच कारणाने. मुलांना हा फरक एकदा पटला की ‘अ’ लावून शब्द पाडायची सवय निम्मी कमी होते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. मराठी माणूस त्रासाचा विरुद्धार्थ विशेषणात फार ठेवतच नाही. तो क्रियापदात ठेवतो. मराठीत त्रास ‘लागतो’ आणि ‘सुटतो’. ग्रहण लागतं, ग्रहण सुटतं. साडेसाती लागते, साडेसाती सुटते. व्यसन लागतं, सुटतं. कुणी हात धुऊन पाठी लागतं, मग एकदाचं पाठ सोडतं. ताप चढतो, उतरतो. विष चढतं, उतरतं. संकट येतं आणि टळतं. जीव टांगणीला लागतो, आणि मग भांड्यात पडतो. ‘जीव टांगणीला लागणे’ याच्या विरुद्ध ‘जीव भांड्यात पडणे’ इतकी चपखल जोडी कोणत्याही विशेषणाने जमणार नाही. तरी विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत क्रियापदांना आपण कधी बसवत नाही, आणि मुलांच्या तोंडात रोज असलेली भाषा वर्गाच्या दाराबाहेर राहते.

या ‘लागणे-सुटणे’चं मूळ चित्र ‘ग्रस्त’मध्येच आहे. ग्रस् म्हणजे गिळणे. आपला घास त्याच धातूतल्या ‘ग्रास’पासून आला. खग्रास आणि खंडग्रास ग्रहणातला ग्रासही तोच. ग्रस्त म्हणजे ज्याचा घास झाला तो. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवलेलं बिंब. आणि ग्रहणाच्या वेळा देताना स्पर्श, मध्य, मोक्ष असे शब्द येतात. शेवटचा शब्द बघा, मोक्ष. राहूच्या तोंडातून चंद्र सुटतो त्या क्षणाला पंचांगकर्ते मोक्ष म्हणतात. गिरगावात आमच्या चाळीखालच्या गल्लीतून ग्रहणाच्या वेळी आरोळी यायची : ‘दे दान, सुटे गिरान!’ गिरान म्हणजे ग्रहण. आई जुनं लुगडं आणि पसाभर तांदूळ घेऊन जिना उतरायची. मी सहा-सात वर्षांची असेन. मला त्यातलं ‘सुटे’ तेवढं लख्ख ऐकू यायचं, कारण आरोळी देणारी बाई त्या अक्षरावर आवाज चढवायची. ग्रस्तला विरुद्धार्थी शब्द ‘मुक्त’ हे मला पुढे शाळेत शिकवलं गेलं, पण त्याच्या आधी तो ‘सुटे’ कानात बसला होता.

म्हणून कर्जग्रस्त × कर्जमुक्त, तणावग्रस्त × तणावमुक्त, या जोड्या बिनचूक बसतात. कर्ज आणि तणाव गिळतात, आणि त्यातून बाहेर येता येतं. पण सगळ्या ‘ग्रस्तां’ना ‘मुक्त’ चालत नाही. अपघातग्रस्त माणसाच्या उलट ‘अपघातमुक्त’ माणूस नसतो. अपघातमुक्त घाट असतो, अपघातमुक्त रस्ता असतो. दुष्काळग्रस्त गावाच्या उलट दुष्काळमुक्त गाव म्हणतात खरं, पण जुन्या माणसाला विचाराल तर तो दुष्काळाच्या उलट ‘सुकाळ’ म्हणेल, आणि ते जास्त भरलेलं उत्तर आहे. आणि पूरग्रस्तच्या उलट?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. माझे यजमान अंधेरीला नोकरीला होते. दुपारनंतर गाड्या बंद, फोन लागेनात. मी रात्रभर खिडकीत बसून काढली. शेजारच्या काकू दर तासाने दार वाजवून विचारायच्या, आणि मी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला हे आले, रात्र कुणाच्या तरी जिन्यात काढून आणि मग चालत. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने ताठ झालेली, चपला हातात. काकूंनी दारातच विचारलं, ‘सुखरूप?’ एवढा एकच शब्द. हे म्हणाले, ‘सुखरूप.’ त्या आठवड्यात मुंबईत हा शब्द किती वेळा उच्चारला गेला असेल त्याची गणती नाही. पुरात, अपघातात, दंगलीत सापडलेल्या माणसाच्या उलट मराठीने हा शब्द ठेवला आहे. सुखी वेगळा आणि सुखरूप वेगळा. सुखरूप माणसाचं घर वाहून गेलेलं असू शकतं. तो स्वतः धडधाकट आहे, एवढंच त्या शब्दाला सांगायचं असतं. तुमच्या ज्या मुलांनी ‘सुखी’ लिहिलं त्यांना इथून एक पाऊल पुढे न्या. त्याच घराण्यातला ‘खुशाली’ हा शब्दही सांगा. ‘पोचल्यावर खुशाली कळव’ म्हणणाऱ्या घरात मोठी झालेली मुलं तो लगेच ओळखतील.

पण पाणी ओसरल्यावर जो यादीत ‘पूरग्रस्त’ म्हणून लिहिला गेला, ज्याची खोली गेली, त्याच्यासाठी पुढचा शब्द ‘सुखरूप’ नाही आणि ‘मुक्त’ही नाही. त्याच्यासाठी शब्द आहे पुनर्वसित. प्रकल्पग्रस्ताचंही तेच. रेल्वे रुळांलगतची, रस्त्याच्या रुंदीकरणातली, नाल्याकाठची माणसं या शहरात प्रकल्पग्रस्त होतात. ‘प्रकल्पमुक्त’ असा शब्द त्यांना लावून बघा, काहीच अर्थ निघत नाही. त्यांना प्रकल्पापासून सुटायचं नसतं, त्यांना पुन्हा वसायचं असतं. गिळलेलं बाहेर काढणं एक, आणि उखडलेलं पुन्हा लावणं वेगळं. उखडलेल्याच्या उलट ‘वसलेला’. शिवकाळातल्या कागदांत धामधुमीने परागंदा झालेल्या रयतेला कौल देऊन परत बोलावल्याचे उल्लेख येतात. तुम्ही या, जमीन कसा, कुणी तोशीस देणार नाही, असा तो भरवसा. मुलूख पुन्हा आबाद करायचा, ही त्या काळची भाषा. ‘उजाड × आबाद’ ही जोडी पाठ्यपुस्तकात असते, पण तिच्यामागे माणसं परत येण्याची गोष्ट आहे, हे मुलांना सांगितलं तर संक्रमण शिबिरात वाढलेल्या मुलाला ती आपली वाटते.

‘बाधित’बद्दल थोडक्यात सांगते. २०२० साली हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. व्याकरणाने बघितलं तर बाधित × अबाधित ही जोडी अगदी सरळ आहे. पण चाचणी निगेटिव्ह आलेल्याला कुणी ‘अबाधित’ म्हटलं का? नाही. कारण अबाधित शब्द मराठीत हक्कांकडे आणि स्वातंत्र्याकडे गेला आहे : ‘इतर हक्क अबाधित ठेवून’, ‘मान अबाधित राहो’. माणूस कोरोनाबाधित असायचा, आणि बरा होऊन आला की कोरोनामुक्त. शब्दाची उलट बाजू उपसर्गाने ठरत नाही, वापराने ठरते. याला इतका ताजा दाखला दुसरा मिळणार नाही, आणि तुमच्या मुलांनी तो स्वतः अनुभवला आहे.

आता पीडित. इथे जरा थांबावं लागेल.

पीड् या धातूचा मूळ अर्थ दाबणे, चेपणे. आपलं ‘पिळणे’ त्यातूनच आलं. म्हणजे पीडित आणि पिळलेला हे एकाच मुळाचे शब्द. उसाच्या चरकातून निघालेलं चिपाड डोळ्यांसमोर आणा, पीडित शब्द तिथून आला आहे. ‘पिळवणूक’ हा त्याचाच नातलग, आणि तो शब्द या शहरात गिरणगावात मोठा झाला. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी नव्याने नोकरीला लागले होते. लालबाग-परळच्या नाक्यांवरच्या सभांत दर दोन वाक्यांमागे पिळवणूक हा शब्द यायचा. तिथे शोषित × शोषक अशी मांडणी होती. तुमचा वर्ग ज्या भागात भरतो तिथल्या काही मुलांच्या आजोबांनी या सभा ऐकलेल्या असतील.

ही जोडी नीट बघा. ‘शिक्षित’ आणि ‘शोषित’ दोन्हींच्या शेवटी ‘इत’ आहे. पण शिक्षितच्या उलट अशिक्षित होतं, आणि शोषितच्या उलट शोषक. पहिल्या जोडीत एक गोष्ट आहे की नाही एवढाच प्रश्न असतो. दुसऱ्या जोडीत दोन माणसं समोरासमोर उभी असतात, एक दाबणारा आणि एक दबलेला. पीडित या दुसऱ्या जातीचा शब्द आहे. त्यामुळे वाक्य जर ‘कोणी कोणाला छळलं’ असं बोलत असेल, तर पीडितच्या उलट पीडक किंवा छळणारा. वाक्य जर ‘आता तिची अवस्था काय’ असं विचारत असेल, तर मोकळी, सुटलेली. वाक्याशिवाय पीडितचा विरुद्धार्थी शब्द देता येत नाही, असं मी वर म्हटलं ते यासाठी.

‘मोकळा’ हा शब्द मला इथे सगळ्यात योग्य वाटतो. मुक्त आणि मोकळा एकाच घरातले, पण मुक्त पुस्तकात राहिला आणि मोकळा घरात आला. पिळलेल्याच्या उलट सैल आणि मोकळा, हे शरीरालाही पटतं. मी काही वर्षं एका वस्तीतल्या बायकांच्या समुपदेशन गटासाठी पत्रकं लिहायचे. तिथे एक बाई बरेच महिने येत होत्या. नवऱ्याचा मार, सासरचा जाच. एकदा आल्या आणि बाकावर नेहमीसारख्या कडेला न बसता मध्यभागी बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची त्यांची सवय होती, त्या दिवशी हात मांडीवर नुसते पडलेले. समुपदेशक ताईंनी विचारलं, ‘आज कसं वाटतंय?’ त्या म्हणाल्या, ‘मोकळं वाटतंय.’ त्या क्षणी त्या सुखी नव्हत्या. कोर्टाच्या तारखा चालू होत्या, मुलगा आजारी होता. पण पिळा सुटला होता. पत्रकात मी ‘पीडित महिलांना न्याय’ असं लिहिलं होतं, ते खोडून ‘बायांनो, मोकळं बोला’ असं लिहिलं. ते पत्रक बायकांनी घरी नेलं.

याच्याशीच जोडलेला एक मुद्दा आहे, त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. वर्तमानपत्रांत ‘पीडिता’ हा शब्द लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत रोज येतो. त्यामागे कायद्याचं कारण आहे. अशा गुन्ह्यात तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमात ही तरतूद होती, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. नाव द्यायचं नाही म्हणून कुठला तरी शब्द लागतो, आणि तो ‘पीडिता’ झाला. तिथपर्यंत ठीक. पण बातमी खटल्यातून बाहेर आली, ती मुलगी शिकली, नोकरीला लागली, तरी पाच वर्षांनी तिच्याबद्दल लिहिताना पुन्हा ‘पीडिता’ हाच शब्द येतो, तेव्हा तो शब्द तिला त्याच एका दिवसात कोंडून ठेवतो. इंग्रजीतला ‘सर्व्हायव्हर’ हल्ली मराठीतही लिहितात. मला विचाराल तर खटल्यापुरतं ‘पीडिता’, आणि त्याच्या पुढे ‘ती’, ‘ती तरुणी’, ‘ती शिक्षिका’, जे काही ती आज आहे ते. आणि लढल्याचा उल्लेख करायचाच असेल तर ‘यातून सावरलेली’ असं लिहावं. कोसळलेल्याच्या उलट सावरलेला. हा खास मराठी शब्द आहे. तोल गेलेला माणूस आपल्याच पायांवर परत उभा राहिला, असं तो सांगतो. राज्य सरकारने २०१३ साली बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी योजना आणली तिचं नाव ‘मनोधैर्य’ ठेवलं. त्या नावातही खचलेल्याच्या उलट धीर धरलेला, अशीच जोडी आहे.

पीडेच्या उलट लोकांनी स्वतः काय ठेवलं आहे ते दिवाळीत ऐकू येतं : ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ ओवाळताना आजी म्हणायची. पीडेच्या उलट सुख नाही, शांती नाही, तर बळीचं राज्य, जिथे कुणी कुणाला पिळत नाही. आणि क्रियापद बघा, ‘टळो’. ‘सुटो’ म्हटलेलं नाही. टळणं म्हणजे पोचायच्या आत वाट बदलून निघून जाणं. सुटणं म्हणजे सापडल्यावर बाहेर येणं. निर्भय आणि भयमुक्त यांच्यात जो फरक, तोच टळणं आणि सुटणं यांच्यात. मुलांना ही दोन क्रियापदं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

त्रस्त हा शब्द संस्कृतात घाबरलेला, थरथरणारा असा होता. मराठीत तो वैतागलेला, कावलेला झाला. त्यामुळे त्याच्या उलट निर्भय लिहिलेलं मला पटत नाही, ते संस्कृतचं उत्तर झालं. मराठी त्रस्ताच्या उलट निवांत. आणखी एक फार सुंदर शब्द आहे, स्वस्थ. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे राहिलेला. जो आपल्या ठिकाणी आहे तो स्वस्थ. अस्वस्थ म्हणजे जो आपल्या जागी नाही. मुंबईत हिंदीचा शेजार असल्यामुळे मुलं स्वस्थ म्हणजे तब्येतीने चांगला असं समजतात. ते हिंदीत. मराठीत त्याला निरोगी, ठणठणीत म्हणतात, आणि स्वस्थ मनाला म्हणतात. ‘जरा स्वस्थ बस’ हे वाक्य आठवून द्या, फरक लगेच कळतो. हैराण, बेजार, जेरीस आलेला, नाकी नऊ आलेला, हे सगळे त्रस्ताचेच भाऊ. त्यांच्या उलट हायसं वाटणे, उसंत मिळणे. दम लागलेल्याला उसंत. लोकलमधून उतरून रात्रशाळेत येणाऱ्या मुलाला हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

धास्तावलेल्याच्या उलट मराठीत दोन शब्द आहेत, निर्धास्त आणि बिनधास्त, आणि मुंबईकरांनी दुसरा जास्त वापरून पहिला जवळजवळ विसरायला लावला आहे. ते एक नाहीत. ‘तुम्ही निर्धास्त राहा, मी बघतो’ असं कुणीतरी आपल्याला म्हणतं. निर्धास्तपणात दुसऱ्याचा आधार असतो. बिनधास्त माणूस स्वतःच भीती झुगारतो, त्याला कुणाचा आधार नको असतो. वसुलीवाल्यांच्या फोनला बिनधास्त उत्तर देणारा मुलगा आणि मोठा भाऊ पाठीशी असल्याने निर्धास्त झालेला मुलगा, हे दोन वेगळे मुलगे आहेत. पाठीराख्याच्या बाजूने येणारा विरुद्धार्थ असा शब्दात उतरतो.

राहिला आक्रांत. हा शब्द मुलांना देऊच नये असं माझं मत आहे. निदान दहावीला तरी नको. तो मराठीत एकटा फार फिरत नाही, आणि ‘आकांत’शी त्याची गल्लत होते. ‘तिने आक्रांत केला’ अशी वाक्यं मी अनेक वह्यांत खोडली आहेत. आकांत म्हणजे टाहो. आक्रांत म्हणजे ज्याच्यावर पाय पडला, जो व्यापला गेला. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. ‘अनाक्रमण’ हा शब्द मराठीत आहे, पण तो राष्ट्रांच्या करारांत, माणसाबद्दल नाही. आक्रमणाच्या उलट बचाव किंवा संरक्षण म्हणतात. मैदानावर फलंदाजी आक्रमक किंवा बचावात्मक असते. शिवाजी पार्कवर खेळणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही. पण बचावाचा अर्थ हल्ला नाही असा होत नाही. मे १७३९मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, आणि त्यानंतरच्या काळात मुंबईच्या इंग्रजांनी धसक्याने आपल्या कोटाभोवती खंदक खणला. त्यांच्यावर हल्ला झालाच नाही. म्हणजे ते आक्रांत नव्हते, पण निश्चिंतही नव्हते. ते सुरक्षित होते, आणि ‘सुरक्षित’ शब्दात खंदक असतोच. ज्याला खंदकाचीही गरज नाही त्याला ‘अभय’ मिळालेलं असतं. अभय मिळवता येत नाही, ते कुणीतरी द्यावं लागतं.

वर्गासाठी एक करा. सुटा शब्द देऊन विरुद्धार्थ मागू नका. वाक्य द्या : ‘वसुलीवाल्यांच्या फोनने तो त्रस्त झाला होता, पैसे फिटल्यावर तो ______.’ आणि त्याच्या खाली दुसरं : ‘तो त्रस्त होता, पण त्याचा मित्र ______.’ पहिल्या जागी ‘सुटला’, ‘मोकळा झाला’, ‘त्याचा जीव भांड्यात पडला’ हे तिन्ही बरोबर धरा. दुसऱ्या जागी ‘निवांत’, ‘निश्चिंत’ बरोबर. दोन्ही जागी एकच शब्द लिहिणाऱ्याला अर्धा गुण द्या आणि वही घेऊन जवळ बोलवा. मी रात्रशाळेत पीडितसाठी तिसरं वाक्यही द्यायचे : ‘आज पीडित असलेली ती, पाच वर्षांनी ______.’ याला उत्तरपत्रिका ठेवू नका. माझ्याकडे एकदा ‘शिकवत होती’ असं उत्तर आलं होतं, एका घरकाम करणाऱ्या मुलीचं. मी तिला पूर्ण गुण दिले.